पोरगी अँथ्रोपॉलॉजी करायचं म्हणत्या, ह्याचं पुढं काय?

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, फाउंड्रीतनं आलेल्या कास्टिंगवर काम करून देतो. पोरगी यंदा झुऑलॉजी घेऊन बी.एस्सी. झाली, मार्क चांगले आहेत. आमच्या डोक्यात होतं की एम.एस्सी. करून एखाद्या औषध कंपनीत लागेल, नाहीतर बी.एड. करील. आता म्हणत्या पुण्याला जाऊन अँथ्रोपॉलॉजी करणार.

म्हटलं, म्हणजे काय? तर माणसाचा अभ्यास. आता माणसाचा अभ्यास आमची आई गेली पन्नास वर्षं दारात बसून करते. गल्लीत कोण कुणाकडं गेलं, का गेलं, परत येताना तोंड कसं होतं, सगळं तिच्याकडं असतंय. तिला कुणी डिग्री दिली नाही.

मग तिनं मोबाईलवर एक जुना फोटो दाखवला. एक साहेब एका माणसाच्या डोक्याला कॅलिपर लावून उभा. आमच्यात व्हर्नियरनं बोअर मोजतात, डोकं मोजून काय कळतंय? ती म्हणाली, ते जुनं झालं पप्पा, आता तसं कोण करत नाही. मग आता काय करतात? गावात जाऊन राहतात. किती दिवस? वर्षभर तरी. आणि मग? मग लिहितात.

मला पोरीला अडवायचं नाही आणि पैशाचीही तशी अडचण नाही. पण आमच्या धंद्यात मी डोळ्यानं बघितलंय. कास्टिंगच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न करणारे मिस्त्री होते, फाउंड्रीवाले त्यांच्या दारात हेलपाटे घालायचे. आता पॅटर्न सीएनसीवर निघतो, आणि त्या मिस्त्र्यांची पोरं दुसरीकडं कामाला आहेत. ज्या शास्त्राचा उपयोग शास्त्रवाल्यालाच एका दमात सांगता येत नाही, ते पुढं वीस वर्षं टिकणार आहे का? कुणी ह्यातलं माहीतगार असेल तर स्पष्ट सांगा. गोड बोलू नका.

ऑप्शनल_५००

काका, टेन्शनच घेऊ नका. यूपीएससीला अँथ्रो हा एक नंबर ऑप्शनल, म्हणजे आपण निवडायचा विषय. दोन पेपर, २५० अधिक २५० मार्क. सिलॅबस आटोपशीर, आकृत्या काढायला वाव, आणि सायन्सवाल्यांना फिजिकलचा, म्हणजे शरीराचा भाग सोपा जातो. आमच्या राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत बरेच जण हाच घेऊन बसलेत. मला झोपेतनं उठवून विचारा, पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर कुला, म्हणजे बेटाबेटांतली देवाणघेवाण, कशी चालते ते. लाल शिंपल्यांचे हार एका दिशेनं फिरतात, पांढरी कंकणं उलट्या दिशेनं. मॅलिनोव्स्कीचं पुस्तक, १९२२.

उद्यमनगरी

बरं. आणि ते हार फिरवून त्यांना मिळतंय काय?

ऑप्शनल_५००

मान मिळतो काका. दहा मार्काला तेवढं पुरतं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे. स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो.

हे शास्त्र आपल्याकडे आलं ते इंग्रजांना राज्य चालवायची सोय म्हणून. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले. नाकाची रुंदी आणि लांबी ह्यांच्या प्रमाणावरून जातींची उच्चनीचता दिसते, असं त्याचं म्हणणं. तुम्ही पाहिलेला कॅलिपर त्याच घराण्यातला. त्याआधी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, म्हणजे जन्मलेलं पोरही चोर. लोकांना खान्यांत बसवण्याची ही जी सवय लागली, तिच्यावर सही सरकारची असली तरी शाई ह्या विद्वानांनीच पुरवली. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये अशा जमातींना द्यावी लागणारी हजेरी बंद केली. त्यांना त्यासाठी कुणाचं डोकं मोजावं लागलं नाही.

आता भवितव्य. हाडांचा अभ्यास डीएनएवाल्यांकडे गेला. खेडी समाजशास्त्रवाल्यांनी घेतली. भाषा भाषाशास्त्राकडे, उत्खनन पुरातत्त्वाकडे. मग उरलं काय? २०११ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट जाहीरपणे म्हणाले की आमच्या राज्याला आणखी मानवशास्त्रज्ञ नकोत, पैसा घालायचा तर नोकऱ्या मिळतील अशा विषयांत घालू. तुमच्यासारखाच हिशेबी माणूस. गंमत अशी की त्यांची स्वतःची मुलगी हाच विषय घेऊन पदवीधर झालेली होती. तेव्हा तुम्ही एकटे नाही, एवढा दिलासा घ्या.

गडहिंग्लजकर

दादा, मी ह्याच विषयात पुण्यातून एम.ए. केलं, त्याला बरीच वर्षं झाली. सार्वजनिक आरोग्य आणि आपत्तीच्या कामात पोट भरते. माझ्या नेमणुकीच्या पत्रावर ‘मानवशास्त्रज्ञ’ हा शब्द कधीच आला नाही, हे आधीच सांगून टाकते. सल्लागार, संशोधन अधिकारी, समन्वयक असलं काहीतरी असतं.

सरांचं रिस्लेबद्दलचं म्हणणं खरं आहे, आणि आम्हाला ते पहिल्याच सत्रात शिकवलं जातं. पण त्याच कॅलिपरची पुढची गोष्टही सांगायला हवी. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, पुढं नाझींच्या वंशविचाराला ज्यानं शास्त्राचा टेकू दिला तो. गोऱ्या माणसाच्या कवटीची ठेवणच वेगळी, तीच त्याच्या श्रेष्ठपणाची खूण, हे त्याला सिद्ध करून हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की असा काही फरक दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या समोर. मग इकडं येऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्यभर काम केलं. मोजमाप त्यांनीही केलं, पण पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्याही, आणि कोण कुणाच्या पंगतीला बसतं, कोण थोडं अंतर ठेवून चालतं, ते पाहून लिहिलं.

आता तुमचा प्रश्न, की करतात काय. शिरोळ तालुक्यातलं सांगते, म्हणजे तुम्हाला लगेच दिसेल.

पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर एकच विचारतं, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सगळ्या सूचना फुटांत येत होत्या. तरी खाली नदीकाठच्या गावांतून माणसं वेळेवर निघाली नाहीत, आणि शहरातून बोलणं सुरू झालं की लोक अडाणी आहेत, ऐकत नाहीत. पूर ओसरल्यावर आम्ही काही जण तिथं जाऊन राहिलो. फॉर्म घेऊन नाही, नुसतं जाऊन. चिखल काढू लागलो, रात्री शाळेच्या वरांड्यात झोपलो.

हळूहळू कळलं ते असं. गावाची मोजपट्टी वेगळी आहे. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं का, ही पहिली खूण. पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, ते पवित्र पाणी, लोक मुद्दाम स्नानाला जातात. म्हणजे पुराची पहिली वर्दी हा सोहळा असतो, भीती नाही. त्यानंतरची खूण आपल्या गावातली. मारुतीची पायरी, अमक्याचा गोठा, तमक्या तालमीचा कट्टा. आणि सगळ्यात वरची खूण २००५ ची. भिंतीवर रेघ मारून ठेवलेली, ‘ह्याच्या वर येत नसतंय’. २०१९ ला म्हाताऱ्यांनी ती रेघ बघितली, धान्याची पोती माळ्यावर चढवली आणि चहा ठेवला. त्यांचं काय चुकलं सांगा? अनुभवाचा सगळ्यात मोठा पुरावा भिंतीवरच होता.

दुसरी गोष्ट म्हशींची. होडीत म्हैस येत नाही. निवारा शाळेत असतो, शाळेत म्हैस चालत नाही. मग घरातला एक माणूस मागं राहतो, त्याच्यासाठी बायको राहते, तिच्यासाठी सासू. एका म्हशीच्या दाव्यापायी तीन माणसं. चाऱ्याची आणि उंच जागेची सोय आधी दिसली असती तर त्या घरांची कुलपं दोन दिवस आधी लागली असती.

आम्ही पुढं फूट आणि गावच्या खुणा एका कागदावर शेजारी-शेजारी मांडल्या. बंधाऱ्यावर इतके फूट म्हणजे तुमच्याकडं साधारण किती वेळानं कुठल्या पायरीला पाणी. ग्रामपंचायतीत लावला तो कागद. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा त्या गावातली जनावरं आधी हलली. सगळं आमच्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही, २०१९ ची धास्ती होतीच.

उद्यमनगरी

ताई, हे पटलं. चिखलीत आमचे पाहुणे आहेत. पुरामुळं सोनतळीला पुनर्वसनाचा प्लॉट मिळूनसुद्धा मंडळी जुनं घर सोडत नाहीत, त्यावरून दर पावसाळ्यात माझं त्यांच्याशी भांडण होतंय. पण एक शंका. हे सगळं तलाठी नाही का विचारून घेऊ शकत? त्याला पगार चालूच आहे. त्यासाठी वेगळं शास्त्र कशाला?

गडहिंग्लजकर

तलाठी विचारतो तेव्हा लोक पंचनाम्याला उत्तर देतात. एका बाईंनी पंचनाम्यात तीन शेळ्या वाहून गेल्या म्हणून सांगितलं. मला पहिल्या दिवशी तीनच सांगितल्या, कारण मी पण कुठून तरी मदत आणणारी बाई असणार असा त्यांचा समज. आठवड्यानं भाकरी थापता थापता म्हणाल्या, दोनच होत्या, एक दीराची होती, दीराचं नाव यादीत आलं नाही म्हणून आपल्यात धरली. आता ह्यात खोटं काय आणि खरं काय? त्या घराचा हिशेब, भावाभावांतली वाटणी झालेली पण नुकसान एकत्र धरलेलं, हे सगळं त्या एका शेळीत होतं. तलाठी वाईट नाही हो. त्याला त्या दिवशी दुसऱ्या गावचेही पंचनामे करायचे असतात, आणि त्याच्या हातात पेन असतं ज्याच्यावर पैसे अवलंबून आहेत.

माणूस विचारणाऱ्याकडं बघून उत्तर देतो. डॉक्टरला एक, पत्रकाराला एक, मतं मागायला आलेल्याला तिसरंच. आमचं शिक्षण म्हणजे इतका वेळ थांबायचं की समोरच्याला आपलं ‘कशासाठी आलीय’ विसरायला व्हावं. ते पूर्ण कधीच विसरत नाहीत, तेही हिशेबात धरायचं असतं. सर्व्हेला किंमत नाही असं नाही, किती घरं बुडाली ते सर्व्हेनंच कळतं. घरातला माणूस का थांबला, हे मात्र तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर २०१४ ला पश्चिम आफ्रिकेत झालं. इबोलाची साथ. मृतदेहातून रोग पसरतो म्हणून सरकारी पथकं प्लास्टिकच्या पिशव्यांतून प्रेतं नेत होती, आणि लोक प्रेतं लपवत होते. मयताला आंघोळ घातली नाही, हात लावला नाही, तर तो माणूस नीट गेलाच नाही अशी समजूत. मानवशास्त्रज्ञांनी तिथल्या लोकांबरोबर आणि पुजाऱ्यांबरोबर बसून अंत्यविधीत काय सोडता येईल आणि काय अजिबात सोडता येणार नाही हे शोधलं. घरच्यांना लांबून का होईना उभं राहता येईल, प्रार्थना होईल अशी दफनं सुरू झाली. साथ आटोक्यात आणायला ते कामाला आलं. आपल्याकडं कोविडच्या वेळी स्मशानात काय चाललं होतं ते आठवा. तेव्हा अशी माणसं कुणी शेजारी बसवून घेतली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

नोकरीचं पण सांगते, तुम्ही बाप आहात. अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया आहे, १९४५ चा, मुख्यालय कोलकात्याला. जागा मोजक्या. भोपाळला मानव संग्रहालय. नेट परीक्षा देऊन प्राध्यापकी, पण प्राध्यापक भरतीचं आपल्याकडं काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्या आशेवर पाठवू नका. आरोग्य, शिक्षण, पाणी ह्या क्षेत्रांतल्या संस्था. आणि हो, कंपन्या. इंटेलनं १९९८ मध्ये जेनेव्हिव्ह बेल नावाच्या मानवशास्त्रज्ञ बाईला घेतलं, लोक घरात कॉम्प्युटरचं प्रत्यक्षात काय करतात ते बघायला. त्या प्रकारचं काम आता पुण्या-बंगळुरातही मिळतं, नाव वेगळं असतं. झुऑलॉजी झालीय म्हणजे तिला ह्याच विषयात एम.एस्सी.चा मार्गही मोकळा आहे.

विद्यापीठातला विभाग टिकेल का? मला खात्री नाही. कदाचित समाजशास्त्रात विरघळेल, आणि सरांना ते आवडेल. पण हेरवाडचं बघा. शिरोळ तालुक्यातलंच गाव. मे २०२२ मध्ये ग्रामसभेनं ठराव केला, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. पंधरवड्याच्या आत सरकारनं सगळ्या गावांना तसं करा म्हणून कळवलं. सुंदर बातमी, सगळीकडं छापून आली. आता संक्रांतीला हळदी-कुंकवाचं बोलावणं कुणाच्या दारी जातं आणि कुणाच्या दारावरून पुढं जातं, हे बघायला कोण बसणार? ते ठरावाच्या वहीत सापडत नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

हेरवाडचा मुद्दा चांगला आहे. मान्य. पण बाई, बसणारी माणसं नेहमी बाहेरचीच का? आणि ती बसून गेल्यावर गावाला काय मिळतं?

गडहिंग्लजकर

त्याचं उत्तर मी देण्यात अर्थ नाही सर.

वाड्यावरचा

मग मी देतो. गवळी धनगर आहे, राधानगरी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरचा. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी, केलंय, सध्या कोल्हापुरात असतो.

आमच्याकडं बसायला येणाऱ्यांची कमी नाही. आज्जी सांगते, पूर्वी एका संस्थेची माणसं येऊन रक्त काढून घेऊन गेली होती. कशाला काढलं, त्यात काय निघालं, आजतागायत कुणी येऊन सांगितलं नाही. आता येतात ते फोटो काढतात. म्हशीचा, घोंगड्याचा, आज्जीच्या गोंदणाचा. आज्जीचा फोटो एका प्रदर्शनात लागलेला मी बघितला, खाली नुसतं ‘धनगर वृद्धा’. तिला नाव आहे ओ.

अभ्यासाची ताकद काय असते तेही आम्हाला माहीत आहे. एखादी जमात अनुसूचित जमातीत बसते की नाही, ह्याचे निकष १९६५ च्या लोकुर समितीचे. आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक दुरावा, लोकांत मिसळायला बुजणं आणि मागासलेपण. अजून तेच चालतात. म्हणजे मी कोल्हापुरात येऊन चार माणसांत धीटपणानं बोलायला शिकलो तर माझा बुजरेपणा कमी भरला. आम्ही सध्या भटक्या जमाती क वर्गात, साडेतीन टक्के आरक्षणात. ह्या वादात मी इथं शिरत नाही, पण मानवशास्त्राला उपयोग नाही असं म्हणणाऱ्यानं आमच्या जातीच्या दाखल्यासाठी एकदा रांगेत उभं राहावं.

आणि तरी मला हे शास्त्र हवंय. सांगतो का ते. १९८२ मध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा ह्यांनी गवळी धनगरांवर एक निबंध लिहिला, इंग्रजीत. एम.एस.डब्ल्यू.ला असताना तो हातात पडला. डोंगरमाथ्यावरची म्हैसपाळी, लोणी-तूप विकायला खाली उतरायचं, जंगल कमी होत गेलं तशी वाताहत, हे आमच्या आज्ज्याचं आयुष्य तिथं नीट मांडलेलं. आज्ज्याला वाचून दाखवायला तो तेव्हा राहिला नव्हता. तिकडं पट्टणकोडोलीच्या बिरदेवाची, ओव्यांची, धनगरांच्या देवांची नोंद एका जर्मन माणसानं केली, गुंथर सोन्थायमर, हायडेलबर्गला शिकवायचे, १९९२ ला वारले. भंडाऱ्यात पिवळा झालेला परदेशी माणूस म्हणून म्हातारे त्यांचं कौतुक सांगतात असं ऐकलंय. आमच्यातल्या कुणी तेव्हा लिहिलं नाही, कारण आमच्यातलं कुणी शाळेतच नव्हतं. त्यांनी लिहिलं नसतं तर आज भांडायला पण काही हातात नसतं.

आता मी स्वतः करतोय. जमेल तेव्हा वाड्यावर जातो, मोबाईलवर रेकॉर्डिंग करतो. कुठल्या सड्यावर कधी म्हशी न्यायच्या, कुठला पाणवठा मार्गशीर्षात आटतो, कुठल्या घळीत वाघ बसायचा, प्रत्येकाला नाव आहे. नकाशात त्यातलं एकही नाही.

पण सर म्हणतात तसं ‘आपली माणसं लिहितील’ एवढ्यानं भागत नाही. मला माझ्याच वाड्यावर सगळं कळत नाही. पुरुषांचं कळतं. आज्जी आणि काकू चुलीपाशी बोलत असतात, मी आत गेलो की विषय बदलतात. बाळंतपणं कशी झाली, कुठली पोर कुठं का दिली, औषधाची मुळी कोण ओळखतं, ह्यातलं मला एक अक्षर सांगत नाहीत. घरचा आहे ना, नातू आहे, लाजतात. परक्या पोरीला सांगतील. मी बघितलंय, एक नर्सबाई यायच्या, त्यांना सगळं सांगायच्या.

उद्यमनगरी

भाऊ, तुमचं वाचून मी लेथ बंद करून बसलो. पोरीला पण वाचायला दिलं. ती विचारत्या, अॅडमिशनच्या आधी एकदा तिकडं आली तर चालेल का? मी स्वतः घेऊन येतो. आणि फोटोचं म्हणाल तर नाव विचारल्याशिवाय काढणार नाही, काढला तर प्रिंट करून आणून देणार, ही माझी जबाबदारी.

वाड्यावरचा

चालेल की. आत्ता नको, वरचा ओढा भरलाय आणि जळवा लई आहेत. दिवाळी झाल्यावर या, तेव्हा गवत कापायचं काम असतं, तिला पण विळा धरायला लागेल. एसटी खालच्या गावापर्यंत येते, तिथनं चढ आहे, बूट घालायला सांगा. वर रेंज नाही, घरी तसं सांगून ठेवा, नाहीतर काकू काळजी करत बसतील. प्रश्नांची यादी आणायची नाही. आणली तरी पिशवीतच राहू दे.

आणि काका, राग मानू नका, तुम्ही सोडायला या, चहा घ्या, पण थांबू नका. तुम्ही बसलात तर आज्जी पदर डोक्यावर घेऊन दिवसभर गप्प बसणार.